कोळसेवाल्याची पोर

लोरेटा लिनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' डेक्का कंपनीनं १९६८ साली काढला. त्यात 'कोल मायनर्स डॉटर' हे तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं नाही. असणार कसं? ते बाजारात आलं १९७० ला. मग १९७४ ला दुसरा भाग निघाला. त्यात ते आलं. पण त्या दुसऱ्या भागातही 'द पिल' हे गाणं नाही. ते १९७२ लाच रेकॉर्ड होऊन पडलं होतं. कंपनीनं ते दाबून ठेवलं आणि १९७५ ला सोडलं.

म्हंजे बाईची उत्तम गाणी म्हणून जे बांधून दिलं, त्यात काय आहे याच्याइतकंच काय नाही तेही बघावं लागतं. मला हे दोन्ही संग्रह मोबाइलवर मिळाले. तिसरा संग्रह, जो कोणी काढलाच नाही, तो डोक्यात वाजत राहतो. त्याबद्दल लिहितोय.

आमच्या मंडळातल्या एका दोस्तानं विचारलंच. काळ्या कवींचं ठीक, ब्लॅक पँथरचं ठीक, त्यांच्याकडून आपण १९७२ ला नाव घेतलं. पण ही तर गोरी. गोऱ्यांतही देव-देश-घर करणाऱ्यांची गायिका. तुला हिचं काय पडलंय? प्रश्न चोख आहे. गुळमुळीत उत्तर देऊन भागणार नाही.

आधी बाई कोण ते सांगतो.

केंटकी राज्यात डोंगराच्या एका घळीत बुचर हॉलो नावाची वस्ती. तिथं १४ एप्रिल १९३२ ला ती जन्मली. आठ भावंडांत दुसरी. बाप मेल्विन वेब व्हॅन लियरच्या कोळशाच्या खाणीत. हे व्हॅन लियर गाव म्हंजे एका कोळसा कंपनीनं वसवलेलं, आणि गावाला नावही कंपनीच्या डायरेक्टरचं. त्या मुलखातल्या खाणीगावांत घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, मजुरीच्या बदल्यात मिळणारी बिल्लीही कंपनीची. ती बिल्ली कंपनीच्या दुकानाबाहेर कोणी घ्यायचं नाही. म्हंजे मजुरी कंपनीच्या एका खिशातून निघून दुसऱ्या खिशात जाणार. मधे फक्त माणूस झिजणार.

जानेवारी १९४८ मध्ये तिचं लग्न झालं. वय पंधरा. आत्मचरित्रात आणि सिनेमात ते तेरा सांगितलं गेलं. २०१२ मध्ये पत्रकारांनी जन्माचा दाखला शोधला तेव्हा पंधरा निघालं. तेरा काय नि पंधरा काय, पोरच. नवरा ऑलिव्हर लिन, लोक त्याला डूलिटल म्हणायचे. त्याच्याबरोबर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी गेली. पाठोपाठ चार पोरं. नवऱ्यानं तिला १७ डॉलरची गिटार आणून दिली. ती स्वतःच स्वतः शिकली. १९६० ला पहिली तबकडी. ती विकायला दोघं मोटारीत बसून गावोगावच्या रेडिओ स्टेशनांवर हिंडले. मोटारीतच झोपले. ते गाणं कंट्रीच्या यादीत चौदाव्या नंबरवर गेलं.

बाप हे ऐकायला नव्हता. तो १९५९ ला गेला. वय बावन्न. छातीत कोळसा.

आता गाण्यांकडं येतो.

माझं इंग्रजी नववीपर्यंतचं, बाकीचं डिक्शनरीतून उसवून काढलेलं. पण लोरेटाचं इंग्रजी तरी कुठं पुस्तकातलं आहे? ती डोंगरातली बोली बोलते, तीच गाते. मास्तरनं लाल पेन्सिल मारावी असे शब्द थेट गाण्याच्या नावात. १९६६ चं 'यू एन्ट वुमन इनफ' घ्या. त्यातलं 'एन्ट' म्हंजे आपलं 'न्हाई'. आपल्याकडं हे 'न्हाई' छापलं तेव्हा केवढा गहजब झाला होता! ही भाषा साहित्याची नव्हे म्हणून लेखच्या लेख आले. नॅशव्हिलमध्ये तेच 'न्हाई' तबकडीवर चढलं आणि खपलं. बाजाराला खपणारी चीज लागते, शुद्धलेखन लागत नाही. आपल्या समीक्षकांपेक्षा बाजार कधीकधी लवकर शहाणा होतो. त्याची कारणं वेगळी असतात एवढंच.

१९६८ च्या संग्रहातलं मुख्य गाणं दारूचं. 'डोन्ट कम होम अ ड्रिंकिन'. बहीण पेगी स्यू हिच्याबरोबर लिहिलेलं. १९६७ च्या सुरुवातीला कंट्रीच्या यादीत ते पहिल्या नंबरवर गेलं. पहिला नंबर तिला पहिल्यांदाच. सार असं, की नवऱ्या, दारू ढोसून मध्यरात्री घरी यायचं आणि वर अंगाला झोंबायचं, हे चालणार नाही. रडून नाही सांगत. ठसक्यात सांगते. मागं गिटार टणटणत असते, लोक त्यावर नाचतात. कंट्रीमध्ये तोवर बायका रडत नव्हत्या असं नाही. त्या रडतच होत्या. ह्या बाईनं डोळे पुसून कमरेवर हात ठेवला.

आक्का आली होती राखीला. तिला अर्थ सांगितला. आक्का लग्नाआधी कांड्या भरायच्या कामाला जायची. यंत्रमागाच्या खडखडाटात कोणालाच ऐकू जात नाही म्हणून मोकळ्या गळ्यानं गायची. स्वतः जुळवलेलं. सासूवर, मुकादमावर, रेशनच्या रांगेवर. आता गात नाही. ऐकून हसली.

"ही बाई आमच्याच गल्लीत ऱ्हात असंल."

मी म्हटलं, "गिटार नवऱ्यानंच आणून दिली तिला. त्यानंच रेडिओ स्टेशनावर नेलं."

"आन् दारूबी त्योच प्याला?"

"व्हय. भानगडीबी केल्या. तिनंच सांगितलंय."

"मग गाणं कुणाचं म्हनायचं रं? त्याचं का तिचं?"

मला उत्तर आलं नाही. आक्कानंच थोड्या वेळानं दिलं. "मार जिनं खाल्ला, गाणं तिचं. गिटार काय, दुकानात बी मिळती."

एवढी स्वच्छ समीक्षा मी कुठल्या मासिकात वाचली नाही.

आता कोळशाच्या गाण्याकडं. 'कोल मायनर्स डॉटर' मी पन्नास वेळा तरी ऐकलंय. गरिबी आहे, पण घरात माया आहे. बाप रात्रीचा खाणीत. आई कपडे घासून बोटं सोलवटून घेते. बूट नाहीत, डुक्कर विकल्यावर बूट येतात. ऐकताना घसा दाटतो. पण त्या गाण्यात एक गोष्ट नाही. बापाची छाती नाही. खोकला नाही. त्या डोंगरात घरोघर 'ब्लॅक लंग' होता, काळं फुप्फुस. त्याच्या घरातही होता. गाण्यात नाही.

गाणं १९६९ ला रेकॉर्ड झालं. ते साल बघा. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मेले. फेब्रुवारी १९६९ मध्ये त्याच राज्यात चाळीस हजारांच्या आसपास खाणकामगार संपावर गेले. मागणी काय, तर काळ्या फुप्फुसाची भरपाई द्या. डिसेंबर १९६९ च्या अखेरीला देशभराचा कायदा झाला, खाणीतल्या धुळीला मर्यादा घातली, रोग्यांना पैसे ठरले. लोरेटाचा बाप मरून दहा वर्षं झाली होती. एवढं सगळं आजूबाजूला पेटलेलं आणि गाण्यात फक्त अभिमान. मी कोळसेवाल्याची पोर आहे, याचा अभिमान.

मूळ गाणं बरंच लांब होतं. निर्माता ओवेन ब्रॅडली. त्यानं काही कडवी गाळायला लावली. तबकडीला लांब गाणं चालत नाही. गाळलेल्या कडव्यांत खोकला होता असं मी म्हणत नाही. पण जे गाळलं जातं ते कोण ठरवतं, हा प्रश्न माझ्या मानेवर बसून राहतो.

कारण आमच्या घरातही छाती आहे. बा एका सूतगिरणीत ब्लोरूमला होता. कापसाच्या गाठी फोडायच्या, पिंजायच्या, सगळा फुफाटा नाकातोंडात. आठवड्याची सुट्टी घेऊन कामावर गेलं की त्याच दिवशी छाती जास्त आवळायची. आम्हाला वाटायचं सुट्टीचा आळस. पुढं मी वाचलं, त्या आजाराची खूणच ती आहे. बिसिनोसिस त्याचं नाव. नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत ते नाव आहे. बाच्या कागदावर मात्र दमा लिहिलं. दम्याला भरपाई नाही.

बावर मी कविता केली. तिच्यात मी खोकला घातला, भरपाई घातली, कागदावरचा दमा घातला. एका संमेलनात वाचली. लोकांनी टाळ्या आईच्या ओळींना दिल्या. भाकरी, चूल, धुरानं लाल झालेले डोळे. खाली उतरल्यावर एक भला गृहस्थ म्हणाला, "आईचं फार हृद्य आहे हो. मधलं ते कायद्याचं जरा काढून टाका." तोच ब्रॅडली. भला माणूस, कान तयार, आणि हातात कात्री.

गरिबाचं गाणं हिट कधी होतं? गरिबी धुऊन, इस्त्री करून दिली की होतं. गरीब असावा, पण मायाळू असावा. कष्ट करावेत, हिशेब मागू नये. हे अमेरिकेतही तसंच आणि आपल्याकडं शिवाजी मंदिरातही तसंच. लोरेटाला हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. बाईनं बाजार तळहातासारखा वाचला होता. बापाच्या बाबतीत ती गप्प राहिली. बाईच्या अंगाच्या बाबतीत राहिली नाही.

'द पिल' हे संततीच्या गोळीचं गाणं. वर्षाला एक पोर काढून थकलेली बाई नवऱ्याला सांगते, तुझं अंडी उबवायचं खुराडं आता बंद, माझ्याकडं गोळी आहे. १९७५ ला आलं आणि कितीतरी रेडिओ स्टेशनांनी वाजवायचं नाकारलं. पाद्री चर्चमधून त्यावर बोलले. तरीही कंट्रीच्या यादीत पाचव्या नंबरपर्यंत गेलं. खेड्यापाड्यातले डॉक्टर तिला सांगायचे, सरकारी पत्रकांनी झालं नाही ते तुझ्या गाण्यानं केलं. असं ती सांगायची. सहा पोरांच्या आईनं हे गायलंय. प्राध्यापकीण नव्हती.

इथं मला बाबासाहेब आठवतात, आणि ओढूनताणून नाही. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं. ठराव पडला. 'द पिल'च्या सदतीस वर्षं आधी. बाईच्या पोटाचा प्रश्न हा मजुरीचा प्रश्न आहे, हे आपल्या माणसानं १९३८ ला विधानसभेत मांडलं. आपण त्यांच्यावर हजारो गाणी केली. ह्या ठरावावर केलेलं एक तरी गाणं कुणी ऐकलंय का? मी नाही ऐकलं.

आता दोस्ताच्या प्रश्नाकडं. ती गोरी. तिचं काय?

चार्ली प्राइड नावाचा काळा गायक होता. मिसिसिपीतल्या स्लेज गावचा, जन्म १९३४, आईबाप वाट्यानं शेती करणारे. लहानपणी त्यानं कापूस वेचला. तो कंट्री गायचा. १९६६ ला कंपनीनं त्याच्या पहिल्या तबकड्या रेडिओवाल्यांकडं पाठवल्या त्या फोटो न लावता. आवाज आधी आत जाऊ दे, चामडी मागनं कळू दे. पुढं १९७१ ला तो कंट्रीचा वर्षातला सर्वश्रेष्ठ कलाकार ठरला. त्याच सुमारास एका समारंभात त्याला बक्षीस द्यायला लोरेटा उभी होती. तिला आधीच बजावलं होतं, तो जिंकला तर मागं सरक, त्याला हात लावू नको. नाव पुकारलं. तिनं सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली आणि गालाचा मुका घेतला. ही हकीकत तिनंच लिहून ठेवली आहे.

'हात लावू नको' हे वाक्य आपल्याला भाषांतर करून सांगावं लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातलं सूत तोंडानं ओढून काढावं लागतं, आणि महाराच्या तोंडाचा धोटा दुसरा साचेवाला तोंडाला कसा लावणार? पगार बरा त्या खात्यात. आपण धुळीच्या खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगार एक व्हा म्हणणाऱ्यांच्या घशात तो धोटा अडकला. तेव्हा लोरेटाचा तो मुका मला लहान वाटत नाही. पण त्याच्यावर आरती ओवाळायलाही मी बसत नाही. मिठी मारायला एक क्षण लागतो. खातं उघडायला पिढ्या लागतात.

त्याचा पुरावा म्हंजे लिंडा मार्टेल. साउथ कॅरोलिनाची काळी बाई. १९६९ ला नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री'त एकटी उभी राहून गाणारी पहिली काळी स्त्री. १९७० ला तिची एकच लाँगप्ले निघाली. कंपनीचं नाव काय? प्लँटेशन रेकॉर्ड्स. प्लँटेशन म्हंजे मळा, जिथं तिच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबवलं. नाव तिला खटकलं होतं. तबकडी तरी त्याच नावानं निघाली. समोर बसलेले लोक शिव्या घालायचे, तरी ती गात राहिली. थोड्याच वर्षांत कंट्रीतून बाहेर फेकली गेली. पुढं शाळेची बसही चालवली. लिंडा मार्टेलचे 'ग्रेटेस्ट हिट्स' नाहीत. एका लाँगप्लेतून काय निवडणार? २०२४ ला बियॉन्सेनं आपल्या कंट्री संग्रहात तिचा आवाज घेतला तेव्हा जग विचारायला लागलं, ही कोण. तेव्हा ती ऐंशी पार केलेली.

खाणकामगाराची गोरी पोर 'हिट्स' होते. काळ्या पोरीची एक तबकडी. गरिबी दोघींच्या घरी. वर्ग वर्ग करणाऱ्या आमच्या साथींनी ह्या दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवून ऐकाव्यात.

आणखी एक सांगून टाकतो, लपवत नाही. २०१६ ला लोरेटानं ट्रम्पची बाजू घेतली. मंचावरून लोकांना सांगितलं. तेव्हा दोस्ताचं म्हणणं अर्धं खरं. गरिबीतून आलेला माणूस आपोआप आपला होत नाही. आपल्यातूनही मंत्री झाले, आपण बघितलंय. पण गाणं माणसाच्या हातातून सुटलं की मताच्या पेटीत जात नाही. ते आक्काच्या कानात जातं. ४ ऑक्टोबर २०२२ ला बाई गेली, नव्वद वर्षांची होऊन. आक्काला ती जिवंत का मेली हेही ठाऊक नव्हतं. तिला फक्त एवढं कळलं, की पिऊन आलेल्या नवऱ्याला दारात थोपवता येतं, आणि ते गाऊनसुद्धा सांगता येतं.

मला खरं जे म्हणायचंय ते आता म्हणतो, आणि ते आपल्याबद्दल आहे.

गिरणीत सुताचा टाकाऊ कापूस फेकत नाहीत. परत ब्लोरूमला घालतात, त्याचंच पुन्हा सूत निघतं. 'ग्रेटेस्ट हिट्स' हा तोच धंदा. जुनं रेकॉर्डिंग, नवं वेष्टन, खर्च नाही, नफा पुन्हा. तिच्या गाण्यांच्या प्रकाशनाचा करारही विल्बर्न बंधूंच्या कंपनीकडं अडकलेला होता. वाद कोर्टात गेला, आणि लिहिलं तर दुसऱ्याचं घर भरतं म्हणून बाईनं कितीतरी वर्षं स्वतः लिहिणं कमी केलं. एवढं सगळं असूनसुद्धा तबकडीवर नाव तिचं आहे. कडवी गाळली असतील, पण नाव गाळलं नाही.

आपल्या आयांचं काय? बेबी कांबळे फलटणच्या. दुकान चालवता चालवता वह्या भरल्या आणि वीसेक वर्षं घरच्यांपासून दडवून ठेवल्या. नवऱ्याला कळू नये म्हणून. 'जिणं अमुचं' १९८६ ला पुस्तक झालं. लोरेटाला नवऱ्यानं गिटार आणून दिली. बेबीताईंना वही लपवायला जागा शोधावी लागली. हा नवरा बामण नव्हता, सावकार नव्हता. आपलाच होता. जयंतीला मिरवणुकीत पुढं चालणारा.

आणि आपण, कवी? आईवर कविता आपण सगळ्यांनीच केली. आईची कविता कोणी छापली? ह्या मासिकाचे मागचे अंक काढून अनुक्रमणिका बघा. बायकांची नावं एका हाताच्या बोटांवर येतील, अंगठा उरेल.

गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी खेड्यापाड्यातून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बाईचं नाव, गाव, सगळं लिहून. त्यात आपल्या वस्तीतल्या बायांच्या भीमाच्या ओव्या आहेत. जातं बंद पडायच्या आधी ते झालं म्हणून हाताला लागलं. आक्काची गाणी जात्यावरची नाहीत. यंत्रमागावरची आहेत. ती कोण गोळा करणार?

मी आक्काला म्हटलं, म्हण, मी लिहून घेतो. ती म्हणाली, "आता काय आठवतंय. आन् त्यात मुकादमाला शिव्या हायत्या, सासूला हायत्या." म्हटलं, राहू दे. "आन् ह्यांनी वाचलं तर?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं तिनं पोराला झोपवलं आणि दोन गाणी सांगितली. तिसऱ्याला अडकली. चौथं नवऱ्यावरचं होतं. ते म्हणाली पुढच्या खेपेला.

ती दोन गाणी मी संपादकाकडं दिली आहेत. पूर्ण. शिव्यांसकट. खाली नाव माझं नाही. आक्काचं पूर्ण नाव आहे, तिनं स्वतः सांगितलेलं, माहेरचं.

पानं कमी पडत असतील तर माझी कविता काढा. त्या गाण्यांचं कडवं एकही गाळू नका.